नाईकांची पाण्याची बाटली

मंगळवार, १२ मे १९६४

संताप जात नाही. आजची ग्रामपंचायतीची सभा फक्त बंजारा तांड्याच्या विहिरीसाठी बोलावली होती. तांड्याचे प्रमुख, नाईक रामजीबुवा, तीन मैल उन्हात चालत आले, तिथलं पिण्याचं पाणी बाटलीत भरून. चहासारखं मातकट. बाटली त्यांनी तालुक्याच्या साहेबांपुढे टेबलावर ठेवली.

मग हारतुरे. सरपंचांनी साहेबांना, साहेबांनी सरपंचांना. मग दोघांची भाषणं, दीड तास! शिपायाला ती बाटली फुलदाणी वाटली, त्यानं हारातून गळलेला झेंडू तिच्यात खोचला. कोणाला काही वाटलं नाही. तेवढ्यात साहेब उठले, दिग्रसची मोटार चुकेल म्हणाले. सभा खतम. अरे, मग बोलावता तरी कायले?

रामजीबुवांनी झेंडू काढून टेबलावर ठेवला आणि बाटली काखेत मारली. जाताना मला विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, आमच्या पान्याचं लिवलं ना वहीत?"

लिहिलं आहे. "पाणीप्रश्नावर सविस्तर चर्चा झाली." दर सभेचं लिहितो तसं, आदल्या दिवशीच. अक्षर माझंच आहे.