दर्ग्याकडच्या घरातली मागची खोली

मी, रहमतुल्ला वल्द शेख चांद, धंदा कल्हईचा, राहणार मंगरूळपीर, जिल्हा अकोला. अर्धांगाने माझी उजवी बाजू गेली आहे, पण अक्कल शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगून लिहवतो की, माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था येणेप्रमाणे व्हावी.

राहते घर व शिल्लक माझी पत्नी ताजबी व मुलगा जमशेद यांनी शरियतप्रमाणे वाटून घ्यावी.

कल्हईचा भाता व सांडशी धाकटा भाऊ निजामुद्दीन यास. आजारात तो एकदाही फिरकला नाही. पण भाता पडून राहिला की चामडे फाटते, आणि तो चालवणे घरात त्यालाच येते.

दर्ग्याकडे माझे भाड्याने दिलेले घर आहे. त्यातल्या मागच्या खोलीत जगदेव हमाल व त्याची बायको रंगूबाई राहतात. भिंत पावसाने खचत चालली, म्हणून मीच दुरुस्ती काढली. भाडेकरू आत राहतील, एकेक बाजू उतरवून बांधायची, असे ठरले होते. भिंत झाली आणि मी अंथरुणाला खिळलो. पुढचे काम जमशेदने हाती घेतले. त्याने खोलीवरच्या सगळ्या टिना उतरवल्या आणि गवंडी पुढच्या बाजूला लावला. तिथे त्याला दुकान काढायचे आहे.

रंगूबाई लेकीला कडेवर घेऊन आली. “चाचा, चूल कुठी मांडू? वरून आभाय दिसून राह्यलं.”

मी जमशेदला म्हटले, “आधी तिच्या टिना टाक.”

माझे पांघरूण सारखे करीत तो म्हणाला, “अब्बा, तुमी पडून राहा. घर मी पाहून राह्यलो.”

वाईट बोलला नाही. टिना मात्र टाकल्या नाहीत. ताजबीकडूनही सांगवले. ओरडून सांगावे तर तेवढा आवाज चढत नाही.

सबब ती मागची खोली मी रंगूबाईस देतो. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत मला वारसांबाहेर देता येते, व खोली त्यात बसते. जमशेदने हरकत घेऊ नये. तो घेईल. तेव्हा मी नसेन.

हे लिहिणे चालू असतानाच रंगूबाई आली. बाहेर गाडी भरून उभी होती; मानोऱ्याला भावाकडे निघाली होती. लेखकाने तिला वरचे कलम वाचून दाखवले.

“चाचा, तुमी देल्ली, मले पावली,” ती म्हणाली. “पन पानी तं आजच येऊन राह्यलं.”

खोलीची किल्ली तिने माझ्यापुढे धरली. उजवा हात उचलला जात नाही, आणि डाव्याने घेणे बरे दिसले नसते. ती थोडी थांबली, मग उशाशी ठेवून गेली. किल्ली तिथेच आहे. कलम खोडू नये, असे मी लेखकास बजावले आहे.

वाचून दाखवले, ऐकले, कबूल आहे.

डाव्या हाताचा अंगठा: रहमतुल्ला

साक्षी: मोहनसिंग, शेजारी
साक्षी: भाऊसिंग, गवंडी, त्याच घराच्या कामावर

लेखक: नानाजी
मंगरूळपीर, ता. ९ जून १९३६