सामान कोणी उचलायचं

आई,

काल सामान बघायला एक माणूस आला होता. नोकरी संपली, आता मी लहान जागेत राहायला जाते आहे, आणि लोकांची घरं हलवून देणं हाच त्याचा धंदा. सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, बांधाबांध तुम्ही करणार की आमची माणसं करतील?" साधा प्रश्न, रोज कुठे ना कुठे विचारत असेल. मी दोन दिवसांनी या म्हटलं. तो गेला आणि मी ओट्याशी उभी राहून तुझ्याशी बोलायला लागले. तुला वाचता येत नव्हतं. मी ट्रेनिंगला नागपूरला होते तेव्हा माझी पत्रं तू शेजारणीकडून वाचून घ्यायचीस, आणि ती मोठ्याने वाचणार म्हणून मी त्यांत सगळं ठीक असल्याचंच लिहायची. आज मधे कोणी नाही, म्हणून जे झालं ते लिहिते.

वर्ध्यातल्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात. वर्धा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होतं आणि मी मुलींच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. बाबा जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या काट्यावर होते. त्यांना खोकला लागला तेव्हा गल्लीत आपण सांगितलं, रुईच्या धुळीनं दमा झाला. पुढे डॉक्टरांनी क्षय सांगितला, तरी आपण दमाच म्हणत राहिलो. दोन वर्षं. तू त्यांचं ताट वेगळं घासायचीस, वेगळं पालथं घालायचीस, आणि कोणी बाई दारात आली की ते पदराआड धरायचीस. माघात बाबा गेले. उन्हाळ्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न निघालं आणि त्याला खोल्या हव्या झाल्या. शेजारच्या सिंदी मेघे गावात एका शेतकऱ्याच्या आवारात जागा मिळाली. दीड-दोन मैलांचं अंतर. सामान म्हणजे एक खाट, दोन पेट्या, जातं, भांडी, गोधड्या, आणि ती गादी. माझ्या पहिल्या पगारात मी बाबांसाठी नवा कापूस भरून घेतलेली गादी. शेवटचे सहा महिने ते तिच्यावरच होते.

तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस. मी दारात उभी राहून म्हणते, उद्या स्टेशनाकडून हमाल आणते, हातबंडी करते, एका दिवसात मोकळे होऊ. तू मान वर करत नाहीस.

"हमाल कायले पायजे? रोज सकाळी दोन खेपा करू. आठ दिवसांत होते सगळं."

"आणि रस्त्यात माझ्या वर्गातल्या मुली बघतील त्याचं काय? मास्तरीण डोक्यावर बोचकं घेऊन चालली म्हणतील."

"म्हनू दे. या घरातलं आपल्याच अंगावर असलेलं बरं. दुसऱ्याच्या कायले?"

"दुसऱ्याच्या म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"तुले समजते. आनजो हमाल, मी नाई म्हनत नाई. पन त्याइले पयले सांगजो, इथं काय होतं ते. मंग येतीन तं येतीन."

"सांगितलं तर कोणी येणार नाही."

"मंग आपन आहो ना," तू म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "अन् थे गादी जाळून टाक. दोन वर्सं खोटं बोललो. आता पुरे."

गादीला मी चार दिवस ऊन दाखवलं होतं. तिच्यातला कापूस अजून बसलासुद्धा नव्हता. सकाळी स्टेशनाबाहेर गेले तर एक हमाल बंडी घेऊन उभा होता, बरोबर त्याची बायको. हिंगणीकडच्या जंगलातली माणसं, आदिवासी. पावसाळ्यात शेतावर, एरवी वर्ध्यात ओझी वाहायची. त्याने विचारलं, सामान काय काय आहे? मी खाट, पेट्या, भांडी सगळं सांगितलं. जे सांगायचं ते सांगितलं नाही. घरी आल्यावर तू हळूच विचारलंस, "सांगतलं?" मी म्हटलं, "हो."

त्याच्यासारखं सामान बांधताना मी नंतर कोणाला बघितलं नाही. जातं आधी तळाशी, त्याच्या दोन्ही अंगांना पेट्या, भांड्यांच्या मधे गोधड्या, म्हणजे वाजणार नाही, आपटणार नाही. दोर एकदाच फिरवायचा आणि गाठ अशी मारायचा की एका हिसक्यात सुटेल. त्याची बायको हलकं सामान आणून देत होती. तिचं पोट चांगलं दिसत होतं, सातवा तरी असेल. मला ते स्टेशनावरच दिसलं होतं. ती आतून गादी घेऊन आली. डोक्यावर घेतलेली, एका बाजूने घसरलेली, म्हणून गाल तिला टेकवून सावरत. तू ओसरीवर होतीस. तिला तसं बघून तू उठलीस आणि तिच्या नवऱ्याला म्हणालीस, "भाऊ, मास्तरीनबाईनं तुमाले सगळं सांगतलं ना? हिले काऊन उचलू देता?"

"काय सांगतलं जी?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी दोराकडे पाहत होते. मग तूच सांगितलंस. मालक क्षयानं गेले. याच गादीवर. आवाज न चढवता, जसं कोणाला पत्ता सांगावा तसं.

तो बायकोशी त्यांच्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलला. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. तिने गादी भिंतीशी टेकवून ठेवली, फेकली नाही. हात पोटाकडे गेला आणि मधेच थांबला, त्या हाताने पोटाला लावू नये असं वाटल्यासारखा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगतलं असतं तं हिले आनलं नसतं. मी एकटा आलो असतो." म्हणजे तो आलाच असता, आई. कोणी येणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं. तिने मात्र माझ्याशीच मराठीत बोलायचं म्हणून शब्द जुळवले. "आमाले पुसाले पायजे होतं, बाई. आमी आमचं पाह्यलं असतं."

तू रांजणातून पाणी काढलंस. तिचे हात, तिचा गाल, तिची मान तू स्वतः धुतलीस, तांब्यावर तांब्या ओतून, आणि ती लहान मुलीसारखी उभी राहिली. मग तो तिला समोरच्या कडुलिंबाखाली बसवून आला. तू म्हणालीस, "उतरवून ठेवा भाऊ, आमी नेतो आमचं." तो म्हणाला, "बंडी भरली जी. अर्ध्यावर नाई सोडत." उरलेलं तुम्ही दोघांनी उचललं. गादी तू मागच्या पडीक जागेत नेलीस आणि पेटवलीस. कापूस भडकत नाही, आत आत जळत राहतो. दुपारपर्यंत धूर येत होता. बंडी निघाली तेव्हा बाबांच्या भांड्यांचं आणि गोधड्यांचं बोचकं तू त्याच्या बंडीत ठेवू दिलं नाहीस. डोक्यावर घेतलंस आणि मागे चालायला लागलीस. मी पुढे चालले होते, छत्री उघडून. हे लिहायला मला आत्ता बराच वेळ लागला. रस्त्यात माझ्या वर्गातली एक मुलगी दिसली, तिने नमस्ते बाई म्हटलं, आणि मी मागे वळून तुझ्याकडे बघितलं नाही.

नव्या जागेत संध्याकाळपर्यंत तू चूल लिंपलीस, पाणी भरलंस, आणि हात पुसता पुसता म्हणालीस, "थो गरीब हाय म्हनून तू त्याले पुसलं नाई. मामलेदार असता तं पुसलं असतं." पुढे आयुष्यात मला अधिकाऱ्यांनी झापलं, तपासणीत शेरे मारले. त्यातलं काही लक्षात नाही.

त्यानंतर तू दर आठवड्याला स्टेशनाकडे जायला लागलीस. कधी दोन भाकऱ्या, कधी बाळंतिणीसाठी डिंक, आळीव. ती दोघं पावसाच्या आधीच हिंगणीला परतल्याचं एका हमालाने सांगितलं, तरी तू जात राहिलीस, त्या बाजूचं कोणी भेटलं तर विचारायला. मी एकदा चिडून म्हटलं, काही झालं नसेल तिला. तू म्हणालीस, "तुले काय माहीत? मलेबी नाई माहीत. म्हनून जातो." बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की ऊन दिलेल्या गादीतून क्षय सहसा लागत नाही. मी त्यांना पुन्हा विचारून घेतलं. घरी आले आणि सांगायला कोणी नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तुझा राग गादीबद्दल नव्हता.

त्या खोल्या सोडल्या त्यानंतरच्याच हिवाळ्यात तुझ्या पायांवर सूज आली. दम लागायला लागला आणि स्टेशनाकडचं जाणं थांबलं. डॉक्टर हृदय म्हणाले. एका रविवारी तू मला जवळ बोलावलंस. "हिंगणीले जाजो. तिले पाहून येजो. खोकते का तेवढं पाह्य." तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. मी सकाळची मोटार धरली.

संध्याकाळी परत आले तेव्हा तू उशीला टेकून दाराकडे तोंड करून बसली होतीस.

"भेटली?"

"भेटली."

"खोकते?"

"नाही. चांगली आहे. मुलगी झाली, गुटगुटीत आहे. तुला राम राम सांगितलाय."

"काजळ घालते का तिले?"

"घालते," मी म्हणाले. "या गालावर तीटही लावते."

तू हसलीस. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. वाटीभर पेज घेतलीस आणि म्हणालीस, "बरं झालं, तू गेलती." बारा दिवसांनी तू गेलीस. सगळे म्हणाले, शांत गेली.

आई, मी वाटेतल्या सेलूपर्यंतच गेले होते. मोटारीतून उतरले. हिंगणीकडे जाणारी बैलबंडी समोर उभी होती, गाडीवान दोनदा बसता का म्हणाला. मी झाडाखाली बसून राहिले आणि परतीच्या मोटारीने आले. ती खोकताना दिसली असती तर मी तुला काय सांगितलं असतं, एवढाच विचार तिथे बसून केला. ती चांगलीही असेल, हे मनात आलं नाही. आलं असतं तर कदाचित गेले असते.

हे मी तेव्हा लहान होते, घाबरले होते, म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढे दहा-अकरा वर्षांनी माझी बदली हिंगणीच्या शाळेत झाली. ऑर्डर हातात घेऊन मी रात्रभर बसले. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्या वयाची एखादी मुलगी उभी राहील, किंवा राहणार नाही, या दोन्हींची मला सारखीच भीती वाटली. सकाळी अर्ज करून मी ती बदली रद्द करून घेतली. कारण तब्येतीचं लिहिलं. तब्येतीला काही झालेलं नव्हतं.