हातभर अंतर

अर्धापूर, १२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
उज्वलाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला फोन झेपत नाही, याचा मला हल्ली फायदाच वाटायला लागलाय. आमच्याकडे फोन वाजला की सगळं घर भोवती गोळा होतं, आणि मला जे लिहायचंय ते घराने ऐकण्यासारखं नाही. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

डावीकडचं दुखणं वाढलंय. दोन वर्षं मी कामावर ढकललं, थंडीवर ढकललं. आता हात वर करून दोरीवर लुगडं टाकणंसुद्धा जमेना. डाव्या कुशीवर शेवटचं कधी झोपले ते आठवत नाही. शेवटी बाजाराचं निमित्त काढून ह्यांच्याबरोबर नांदेडला डॉक्टरीणबाईंकडे गेले. दहा वर्षांपूर्वी हैदराबादला कॅन्सरच्या गाठीपायी छाती काढली आणि तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, त्याच्याभोवती शरीराने आपलं एक आवरण धरलंय. इम्प्लांट बसवलेल्या सगळ्याच बायकांना ते धरतं म्हणे. माझं मात्र जाड होत गेलं आणि आता त्याने आतली वस्तू मुठीत धरल्यासारखी आवळून टाकलीय. हात लावला तर दगड लागतो. गोळ्यांनी ते सुटत नाही. ऑपरेशन करून आवरण सोलून काढायचं आणि जुनं इम्प्लांट बाहेर घ्यायचं. नवं बसवायचं की नाही ते मी ठरवायचं. जुना आजार परत आलेला नाही असं त्यांनी तपासण्या बघून सांगितलं, तेवढाच धीर.

पण आता कसं करू? करिश्माचं वैशाखात लग्न. साखरपुड्याला जळकोटच्या विहीणबाई गळाभेटीला पुढे आल्या, तर मी मान आखडल्याचं सोंग केलं आणि लांबूनच हळदकुंकू लावलं. बायकांना एवढं कळतं गं. छातीला छाती लागली की त्यांना कळणारच, आणि मग आईला काय झालं होतं, मुलीला होईल का, हे सगळं आलंच.

त्याहून वाईट सांगते. तीन वर्षं झाली, हा दगड तिला लागेल म्हणून मी माझ्या पोरीला जवळ घेतलेलं नाही. फार्मसीचा निकाल लागला तेव्हा ती पळत आली. मी कणीक मळत होते. मी हातातली परात मध्ये धरली. पोरगी जागेवर थांबली, हसली आणि पेढे आणायला गेली. तिला अजून माहीत आहे ते पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन.

सासूबाई बऱ्या आहेत. केळी पाठवते आहे. माया पातळ करू नकोस.

तुझी,
उज्वला


लातूर, २६ जानेवारी २०२५

चि. सौ. उज्वलास,
तारामतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र आणि केळी एकाच दिवशी आली. केळी शेजारच्या पार्वतम्माला दिली, पत्र फाडलं नाही. छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, लिहिलेलं फाडायला हात धजत नाही. कपाटात कुलपात आहे, घाबरू नकोस.

तू मान आखडल्याचं सोंग केलंस हे वाचून हसू आलं. लहानपणी शाळा बुडवायला तू पोट दुखल्याचं सोंग करायचीस आणि दुपारी भाकरी मागायचीस. तुला कधीच नीट जमलं नाही.

उज्वला, खडे म्हणून सांगायचं हे माझ्या डोक्यातून निघालं होतं. तुझ्या सासूबाईंना आणि भावकीला कळलं तर तुला घरात कोण धरील, ही माझी भीती. तुझे सुदर्शनराव तर तेव्हाही सांगायला तयार होते, मीच त्यांना गप्प केलं. कुणाला संशय नको म्हणून ते इम्प्लांट बसवून घे असं डॉक्टरांच्या खोलीबाहेर तुला मीच बजावलं. तुला नको होतं. तू दोनदा नाही म्हणालीस. हे मी विसरलेले नाही.

म्हणून आता मोठी बहीण म्हणून सांगते. लग्न होईल तेव्हा होईल, पोरीला आत्ताच सांग. तिला स्वतःच्या तब्येतीसाठीही ते माहीत असायला हवं. चोवीस वर्षांची आहे, औषधं ओळखते, तिला काय कळायचं नाही? तू सांगत नसशील तर मी सांगते. आणि ऑपरेशन लातूरला करू, माझ्याकडे राहा. मी पडले, मला बघायला कोणी नाही, असं घरी सांग. एवढं खोटं माझ्या वाट्याला येऊ दे.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. मायेत काही कमी नाही, तेवढं पक्कं समज.

तुझी,
अक्का


अर्धापूर, ९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, करिश्माला एक अक्षर सांगायचं नाही. सांगायचं ते मीच सांगीन, माझ्या तोंडाने.

तुझं सगळं बरोबर आहे, तरी माझं धाडस होत नाही. पोर सरळ आहे. तिला सांगितलं तर ती उद्या सत्यमला सांगेल, सत्यम त्याच्या आईला. उमरीच्या किशनरावांच्या पुतणीचं जमलेलं कसं मोडलं ते तू ऐकलंस ना? तिच्या तर फक्त मामीला होतं. माझ्या दुखण्यापायी तिचं घर बसायचं राहिलं तर मी कुठे तोंड दाखवू?

ऑपरेशन लग्न झाल्यावर. तोवर काढते कसंबसं. एक काम मात्र तुला करावं लागेल. मांडवात विहीणभेट माझ्या जागी तू घे. मी हाताला भाजलं म्हणून पट्टी बांधीन. तुझ्या गळ्यात पडायला तर अख्खं जळकोट येईल, तू बोलतेसच तशी.

कानाचं मशीन लावत जा. लोभ धरून राहा.

तुझी,
उज्वला


जळकोट, ८ जून २०२५

ती. मावशीस,
करिश्माचा शि. सा. न.

तुझ्या हाताखाली शिकले म्हणून पत्र लिहिते आहे, नाहीतर आमच्या वयाच्या पोरी पत्राला हसतात. सत्यमनी विचारलं की कुणाला लिहून राहिलीस, तर म्हटलं माझ्या बाईंना. ते मला रोज सकाळी मेडिकलवर घेऊन जातात. मी काउंटरला बसते. गावात बाई मेडिकलवर बसली म्हणून आधी लोक नुसतेच बघायला यायचे, आता औषधं घेतात.

सासूबाई चांगल्या आहेत, पण त्यांनी परवा एक विचारलं ते माझ्या मनातून जाईना. त्या म्हणाल्या, तुझी माय पाठवणीला रडली न्हाई गं, तुझ्यावर रागावली हाय का?

मावशी, तू तिथेच होतीस. तू मला धरलंस, आजीने धरलं, चुलत्या, आत्या, शेजारच्या बायका, सगळ्यांनी. मी आईपाशी गेले तर तिने माझे दोन्ही खांदे धरले आणि मला हातभर लांब ठेवलं. अगदी जोर लावून. मी पुढे होत होते आणि ती मला मागे रेटत होती. मग डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बस म्हणाली. भाजलेल्या हाताने तिला तसं धरता आलं, मग जवळ का घेता आलं नाही?

लहानपणी अशी नव्हती गं ती. काही वर्षांपूर्वी काहीतरी झालं. मी खूप विचार केला, माझं काय चुकलं ते सापडलं नाही. आता मी ठरवलंय की आपणच पुढे जायचं नाही. तिला नको असेल तर तिला त्रास का द्यायचा? हे तिला सांगू नकोस.

सत्यमचा नमस्कार. तुझ्या मायेतला माझा वाटा तसाच राहू दे.

तुझी,
करिश्मा


लातूर, १९ जून २०२५

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

आज चार ओळीच. जुलैच्या दहा तारखेला ऑपरेशन ठरवलंय. लग्न झालं, आता तुझं एकही निमित्त शिल्लक नाही. आठला इकडे ये. मी न्हाणीत पाय घसरून पडले आहे, हे पार्वतम्माने गल्लीभर सांगूनही झालंय, आता लोक विचारपूस करायला येतायत आणि मला लंगडत दार उघडावं लागतंय.

पोरीचं पत्र आलं. काय लिहिलं ते सांगू नको म्हणाली आहे. तूही मला शपथ घातलीस, तिनेही तोंड बांधलं. दोघींच्या मध्ये मी अशी बसले आहे. एवढंच सांगते, लवकर कर. ऑपरेशनही, आणि बोलणंही.

तुझी काळजी करणारी,
अक्का


अर्धापूर, ५ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

इकडे येऊन महिना उलटला, पत्राला उशीर झाला. पावसाने केळीत पाणी उभं होतं, त्या धांदलीत ह्यांना हात द्यावा लागला. हात द्यावा लागला असं लिहिलं बघ. देता आला. दोरीवर लुगडं टाकते, डाव्या कुशीवर झोपते. पहिल्यांदा तशी झोपले तेव्हा मला रडू आलं.

तुझ्याकडे असताना नळ्या, ड्रेसिंग यातच दिवस गेले, एक बोलायचं राहिलं. डॉक्टरांनी मला काढलेलं आवरण दाखवलं होतं. नारळाच्या करवंटीचा तुकडा असावा तसं, पांढरट आणि ताठ. तपासणीत त्यात काही वाईट निघालं नाही हे तुला माहीतच आहे. पण ते बघून वाटलं, एवढं कडक होऊन मी पोरीसमोर वावरत होते. नवं बसवून घेतलं नाही याचं तुला वाईट वाटलं, मला दिसलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. या खेपेला मी तिसऱ्यांदा नाही म्हणाले आणि तू ऐकलंस.

सासूबाईंचं ऐक. परवा न्हाऊन आले, पदर नीट नव्हता, त्या समोरच बसलेल्या. पळायला जागा नव्हती. त्यांनी बघितलं आणि शेंगा निवडत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, मला तवाच कळलं व्हतं. खड्याच्या आपरेशनाला कुनी धा-धा दिस हात बांधून ठिवत न्हाई. तू सांगशील म्हनून गप बसले, तू काय सांगितलंच न्हाई. अक्का, आपण दहा वर्षं ज्यांच्यापासून लपवलं त्या दहा वर्षं वाट बघत होत्या. माझी मान वर होईना.

मग त्याच म्हणाल्या, पोरीला आन दिवाळीला. करिश्माला भाऊ नाही, तिला सासरहून आणायला मुराळी म्हणून कोण जाणार? ह्यांचं रानात काम चालू आहे. मीच जाते. आई मुराळी म्हणून आली असं जळकोटात हसतील, हसू दे. दारातच आधी तिला पोटाशी घेणार आहे. मग घरी येताना एसटीत सगळं सांगेन, पहिल्यापासून. रोज मनात म्हणून बघते आहे, शाळेतल्या कवितेसारखं.

तुझी शपथ त्या दिवशी सुटली म्हणून समज. सध्या आशीर्वाद तेवढा भरपूर पाठव.

तुझी,
उज्वला


जळकोट, २४ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
करिश्माचा शि. सा. न.

दिवाळी झाली. तुझा फराळाचा डबा मिळाला, चकल्या सत्यमनीच संपवल्या.

आई स्वतः मला न्यायला आली होती. मला आधी कळवलं नव्हतं. मी गेले नाही, मावशी. मेडिकलवर दिवाळीची गर्दी आहे असं सांगितलं. सासूबाई जा म्हणत होत्या, सत्यमही म्हणाले, पण माझंच मन झालं नाही. तिथे जाऊन चार दिवस लांबलांब उभं राहायचं आणि परत येताना पुन्हा ते खांदे धरणं. इथे मला आता बरं वाटतंय, ते मोडायला नको वाटलं.

आईने आग्रह केला नाही. चहा घेताना दोनदा काहीतरी बोलायला लागली, पण सासूबाई शेजारीच बसलेल्या. मग केळीत पाणी साचलं होतं त्याचं सांगत बसली. दुपारच्या गाडीने परत गेली. मी स्टँडवर सोडायला गेले होते. गाडी हलेपर्यंत ती खिडकीतून बघत होती.

मला ती बारीक वाटली. साडीही वेगळीच नेसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. तिला काही होतंय का? तुला सांगितलं असेल तर मला सांग. नसेल तर राहू दे, मी तिला विचारणार नाही, आमच्यात तशी सवय राहिलेली नाही.

एक मात्र सारखं डोळ्यांपुढे येतं. मी दार उघडलं तर ती दोन्ही हात पुढे करून उभी होती. मला वाटलं ओझ्याने दमली, म्हणून खांद्यावरची बॅग उतरवून घेतली, वाकून पाया पडले आणि तिला त्रास नको म्हणून मागे सरकले. बॅग काही जड नव्हती. आणि बॅग घेतली तरी तिचे हात तसेच पुढे होते, बराच वेळ.

उत्तर लवकर पाठव. तुझ्याशिवाय मला असं विचारायला कुणी नाही.

तुझी,
करिश्मा