क्ख की क्ष

११ जानेवारी
जन्माचा दाखला आला. मिलिंदनं कंपनीतून येताना आणला, खिशात घडी घालून. उघडला तर बाळाचं नाव: उपेक्षा.

आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा. पण आई मी, बाप मिलिंद, जन्मतारीख आपलीच. नोंदणीसाठी चिठ्ठीवर मी स्वतः लिहून दिलं होतं, उपेक्खा. क ला ख जोडून, ठळक. नऊ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर डॉक्टरांची मुंग्यांसारखी अक्षरं वाचतेय मी. माझं अक्षर कळलं नाही असं कुणी म्हणूच नये.

चिठ्ठी कोण घेऊन गेलं होतं? सासूबाई. माझे टाके ओले, मिलिंदची सकाळपाळी.

यापुढे इथे त्यांना नुसतं सा. लिहीन. वही हाती लागलीच तर साखर समजतील.

१२ जाने.
विचारलं. सा. तांदूळ निवडत बसली होती.
"आई, चिठ्ठी तशीच दिली होती ना?"
"दिली की. त्यो मानूस म्हनला, काय लिवलंय हे? मी म्हनलं, हाय तेच लिव."
"मग क्ष कुठून आला?"
"मला काय इचारतीस? मी मास्तरीन हाय का?"

मास्तरीण नाही. चौथी पास आहे. एसटीची पाटी वाचते, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचते. माझं चिठ्ठीवरचं एक नाव तेवढं वाचता आलं नाही!

मिलिंद म्हणे, "एका अक्षराचं काय एवढं गं. ऐकायला सारखंच आहे." डोक्यात तिडीकच गेली. उद्या शाळेत बाई हजेरी घेणार, उपेक्षा. वर्गातली पोरं विचारणार, म्हणजे काय? काय सांगायचं तिनं? माझ्याकडे कुणी बघत नाही, असं?

१४ जाने.
कुठेतरी पाणी मुरतंय. मुदिता झाली तेव्हा सा.नं अख्ख्या आळीत जिलेबी वाटली होती. कडावातली एकसुद्धा ओळखीची बाई सोडली नाही. ही झाली तेव्हा खोकला. महिनाभर खोकला. जिलेबीचं नाव नाही. नामकरणाला भंतेजींनी अर्थ सांगितला, समचित्त, ना ओढ ना राग. सगळ्यांनी जीभ वळवून म्हणून बघितलं. शीतलनं, म्हणजे आत्यानं, दोनदा अडखळून शेवटी पेखू केलं, सगळे हसले. सा. उठून चहा टाकायला गेली. तेव्हापासून आजतागायत नावानं हाक नाही. "ही रडतीय." "हिला घे." "हिचं दूध झालं का?"

ही. हिला. हिचं.

१७ जाने.
कपडे वाळत घालायला परसात गेले. सा. आपल्या बहिणीशी फोनवर. "आता नाव पडलंय. ह्याच्या फुडं बास म्हना." मी दोरीपाशी तशीच उभी. मला बघितलं नि लगेच, "हां हां, वालाच्या शेंगा आल्यात औंदा, देते धाडून."

पोरीला घेऊन आत बसले. घाटावर पूर्वी मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव ठेवायचे नकुशी. नको असलेली. म्हणजे पुढचा मुलगाच होतो म्हणे. सा.चं माहेर घाटावरचं.

उपेक्षा म्हणजे नकुशीच की. फक्त शिकलेली.

१८ जाने.
मिलिंदला सांगितलं. म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय. झोप नाही होत तुझी." झोप होत नाही हे खरं. पण तो माझ्याकडे न बघता बोलला. मुदिताच्या वहीवर रेघा मारत होता. ह्याला पण मुलगाच हवा होता का? कधी बोलला नाही. न बोलणाऱ्यांचंच जास्त...

२० जाने.
कर्जतला जन्मनोंदणीच्या ऑफिसात गेले, पेखूला पोटाशी बांधून. ऑफिसातला माणूस तसा सभ्य. "मॅडम, उपेक्खा असा शब्दच नसतो." मी म्हटलं, पाली भाषेत असतो. भिक्खूचा भिक्षू होतो, तसा ह्या क्खचा क्ष.
"मग एकच झालं ना?"

मूळ एकच आहे, खोटं कसं बोलू? जवळ बसून शांतपणे बघत राहणं, एवढाच अर्थ. मराठीत येता येता त्याचं ढुंकूनही न बघणं झालं. पण हे सगळं मी काय जन्मभर पोरीच्या मागे मागे सांगत फिरू?

फॉर्म दाखवा म्हटलं. कुरकुरला, पण काढला. माझी चिठ्ठी टाचलेली, उपेक्खा, लख्ख. खाली फॉर्मवर निळ्या शाईत उपेक्षा. "हे आमचं अक्षर नाही. बाहेर टेबल टाकून बसतात ना, त्यांच्याकडून भरून आणलाय." बाहेर आले तर टेबल रिकामं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, तो गावी गेलाय, कधी येईल नेम नाही.

खरी गोष्ट तर राहिलीच. फॉर्मला मागे सा.च्या आधारची झेरॉक्स होती. फोटो तिचाच, नाकातली मोरणीसुद्धा दिसते. नाव: नकुशा.

सगळे हाक मारतात ते विमल नाही. नकुशा.

टमटममध्ये बसल्यावर बोटांवर मोजलं. सात वर्षं झाली मला या घरात येऊन.

संध्याकाळी मिलिंदला विचारलं, तुला माहीत होतं? "होतं." मग सांगितलं का नाहीस? "त्यात सांगण्यासारखं काय आहे?" मतदानाच्या चिठ्ठ्या दरवेळी हाच का आणतो नि हाच का वाटतो ते आज कळलं. रेशनकार्ड पण मला कधी हातात देत नाही. मायलेकरांनी मिळून लपवलं. अजून काय काय लपवलंय?

२२ जाने.
दोन दिवस बोलले नाही. आज सा.नंच विषय काढला. पेखूला पायावर घेऊन तेल लावत होती.
"बगितलंस ना कागद?"
"हो."
"चौथी पोर मी. माज्या पाठीवर दोन भाव आले. बा म्हनायचा, पोरगी गुनाची निगाली. लगीन झालं तवा तुज्या सासऱ्यानं विमल केलं. घरात केलं. कागदावर कुनी केलं नाय."
मी म्हटलं, "म्हणून तुम्ही हिचं असं केलंत?"
हात थांबला तिचा. "म्हून केलं म्हन, नायतर म्हून कंदीच केलं नसतं म्हन. तुला कायबी वाटंल."

मग परत तेल. पोरगी पाय झाडत हसत होती. मी उठून मोरीत गेले. वाईट वाटलं. बासष्ट वर्षं कागदावर नको म्हणून जगायचं! दवाखान्यात, बँकेत, दर वेळी तेच नाव पुकारायचं कुणीतरी. आणि तोंड धुताना लगेच मनात आलं, हेच हवं असेल का तिला? मला वाईट वाटावं, आणि मी विचारायचं सोडावं?

मी वाईट बाई आहे का? असेन. पण तिनं नाही म्हटलेलं नाही. अजून एकदाही नाही.

२३ जाने.
शीतलचा फोन. सगळं सांगितलं. "वहिनी, आई असं करणार नाय गं." पाठोपाठ लगेच, "पन आईचं काय सांगता येत नाय." पोटची पोर असं म्हणते!

मुदिता आज मोठ्यानं दाखला वाचत होती, जोडाक्षरं आली तिला नुकतीच. "उ-पे-क्षा. मम्मी, हे बाळाचं खरं नाव आहे का?" हिसकावून घेतला तिच्या हातातून. रडली. उगाच रडवलं पोरीला.

२५ जाने.
दुरुस्तीचा अर्ज आणला. पहिली माहिती ज्यानं दिली त्याची सही लागते. म्हणजे सा.ची. वाटलं, टाळेल, हात दुखतो म्हणेल, उद्या म्हणेल. तसलं काही नाही. पेन मागितलं. चष्मा लावून ओट्यावर कागद ठेवून सही केली. न, क ला उकार, श ला काना. सावकाश, पण एक अक्षर चुकलं नाही. म्हणजे लिहिता येतं. म्हणजे माझी चिठ्ठीही वाचता...

कागद माझ्या हातात देताना म्हणाली, "तुज्या त्या पुस्तकात चार नावं हायती म्हनलीवतीस ना?"
"हो. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा."
"पयली दोन नाय घेतलीस."
"मुदिता तिसरं ना, आई. त्याच्या पुढे हेच येतं. क्रमानं."
"आनि ह्याच्या फुडं?"
"पुढे नाही काही. चारच आहेत."
"आसं व्हय," म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

क्रम तोच आहे, मनाच्या ह्या चार भावना धम्मात अशाच येतात. कुणालाही विचारावं. मेत्ता किती गोड नाव, करुणा तर सगळ्यांना म्हणता येतं, जीभ अडखळत नाही. मग मी शेवटचंच... क्रमानं घेतलं. मिलिंदलाही तेव्हा हेच सांगितलं होतं.

सातव्या महिन्यात मुलाचं नाव काढून ठेवलं होतं मी. मुलीचं नव्हतं काढलं. हे कुणाला माहीत नाही.

अर्जात एक रकाना आहे, चूक कशी झाली. मिलिंद म्हणतो, लेखनदोष लिही, विषय संपव. पेन घेऊन बसलेय मघापासून. बाकी सगळे रकाने भरून झालेत.