पाकिटातली खीळ

प्रिय शिवा,

पाकिटात काहीतरी जड लागेल. ते इतक्यात काढू नकोस, आधी वाच. आणि फाडूनच टाकणार असशील तर एवढं वाचून फाड: रविवारच्या घोडागाडीच्या शर्यतीत तुझे आबा स्वतः गाडीवर बसणार आहेत. बासष्टाव्या वर्षी. तू ये. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय.

जत्रा जोरात आहे. माळावर पाळणे लागलेत, भडंगवाले आलेत, कडेगाव रस्त्यावर घोड्यांच्या टेम्पोंची रांग लागलीय. हलगी सकाळपासून थांबलेली नाही. शेजारच्या मनुकाकींनी तुमच्या चांदणी घोडीला काल दूध-अंडी पाजली, आयाळीला मेंदी लावली. पोरं येऊन तिच्याबरोबर सेल्फी काढतायत. मीपण फेटा बांधून फिरतोय. नाचलोसुद्धा. मन नव्हतं, पण हलगीपुढं सगळ्यांचेच पाय हलतात, कुणाला काय कळतंय.

केरबा यंदा माईकवर आहे. कुबडी स्टेजला टेकवतो आणि सुरू होतो, "मंडळी, गेल्या साली मी शिवतेजच्या मागं गाडीवर हुतो, एक पाय तिथंच इसरलो. यंदा तोंडानं पळतोय!" लोक हसतात. तुझी आई पदर तोंडाला लावून आत जाते. परवा मला म्हणाली, "घोडी सोडून महाबळेश्वरात टुरिस्टांची टॅक्सी पळवतंय आमचं पोरगं. इच्चार त्याला, एवढा कसला रं राग?" मी म्हटलं, विचारतो. राग नाही, मला माहीत आहे. तुला वाटतं, केरबाचा पाय तुझ्यामुळं गेला. वळणावर तू लगाम ओढला नाहीस म्हणून गाडी पलटली, असं अख्खं गाव म्हणालं. आबाही म्हणाले. तू मान खाली घालून ऐकलंस आणि गेलास.

काल आबांनी मला हाक मारली. डाव्या चाकाची खीळ हातात ठेवली, तीच, तुझ्या आजोबांच्या गाडीपासून चालत आलेली. "देवळात नाथाच्या पायाला लावून आण. दरसाल तूच नेतूस. तुझा हात लाभतो रं." लाभतो म्हणाले, शिवा.

गेल्या वर्षी देवळातून आलो, गुलाल लावलेली खीळ चाकात घातली. ती निसटू नये म्हणून वरून तार पिळायची राहिली होती. तेवढ्यात हलगी घुमली आणि केरबानंच मला ओढलं, "ये की गड्या, एक ठेका धर!" म्हटलं, नाचून येतो, मग पिळतो. आलो तर गाडी रेषेवर. पळत गेलो असतो, ओरडलो असतो तर थांबली असती. पण म्हटलं, घट्ट बसलीय, एवढ्यानं काय होतंय? वळणावर डावं चाक निघून उसात गेलं. संध्याकाळी खीळ मीच शोधली. भोकात तार तशीच लोंबत होती, न पिळलेली. ती काढून पाटात टाकली आणि नुसती खीळ आबांना नेऊन दिली. आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. वर्ष झालं, त्या जागी अजून भाजतं.

तीनदा आबांच्या दारात गेलो. तीनदा चहा पिऊन परत आलो.

आज दुपारी केरबाला सांगितलं. त्यानं कुबडी उचलली. मी डोकं पुढं केलं. मारली नाही. परत काखेत घातली आणि म्हणाला, "महाबळेश्वरची यष्टी कितीला हाय?" हे पाकीट तुझ्या हातात देणारा तोच आहे, बघ त्याच्याकडं. आता ती खीळ काढ. तिच्याशिवाय आबा गाडी जुंपणार नाहीत, तुला माहीत आहे. घेऊन ये. चाकात तूच घाल, तार तूच पिळ. रविवारी गाडी जुंपायच्या आधी मी माईकवरून सगळं सांगणार आहे. आबांसमोर, गावासमोर. माझी जीभ वळली नाही, तर माईक केरबाकडंच आहे.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
वीरधवल