नाक हाच मीटर

१६ फेब्रुवारी, रविवार

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजअखेर: स्कूटरच्या इंजिनावर चालणारी कडबाकुट्टी. सुषमाच्या शिलाई मशिनला मोटर. दार आपोआप लागणारा कोंबड्यांचा खुराडा (कोल्हा आत असताना दार लागलं, तो दोष कोल्ह्याचा). आणि आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पूर्ण: गॅस प्लांट. दोन हजार लिटरच्या टाकीत दीड हजारची पालथी. तिथून स्वयंपाकघरापर्यंत पाईप, सदतीस फूट चार इंच. जोड सायकलच्या ट्यूबचे, माझ्या हातचे.

शिक्षण नववी नापास. मुद्दाम लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी

शेजारच्या विक्रमच्या पिकअपमधून शिरूरच्या वायनरीतला चोथा आणला. वाइनसाठी रस काढला की द्राक्षांच्या साली, बिया, देठं उरतात. ते लोक फेकून देतात. शिरूरकरांनी फेकायचं, आम्ही वरवंडकरांनी त्यावर चहा उकळायचा!

संकल्प: पाडव्याला सिलिंडर घराबाहेर. मग बियांचं तेल, मग खत, मग वीज.

वायनरीच्या लॅबमध्ये गौतमी म्हणून मुलगी आहे, कोरेगाव भीमाची. चोथा भरताना शिकवायला लागली. म्हणे काका, द्राक्षावर गंधक मारलेलं असतं, चोथ्यातून विषारी गॅस निघतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बंद पडतं. वास अचानक गेला तर थांबू नका, बाहेर पळा.

वास येत नाही म्हणून पळायचं! एम.एस्सी. आहे पोरगी.

कंपनीनं जुने गॅस मीटर स्टाफला वाटलेत. गॅस वाढला की शिट्टी वाजते. त्यातला एक विकत देते म्हणाली. नको म्हणालो. माझं नाक हाच मीटर. मोटरचं कुठलं वाइंडिंग जळलंय ते मी नुसत्या वासावरून सांगत आलोय.

१ मार्च

गॅस नाही. बोट बुडवून चाखलं: आंबट. शेण आठ पाट्या, चुना दीड किलो टाकला. विक्रम कुंपणावरून म्हणाला, दादा, टाकीला चढलीय, उतारा देताय व्हय? दुर्लक्ष केलं.

९ मार्च, सकाळी ६.४०

गॅसनं पालथी टाकी साडेसात इंच वर!! ज्योत निळी. दोन कप चहा, अकरा मिनिटांत. वास सडक्या अंड्याचा, चांगलाच. म्हणजे गौतमीच्या हिशेबानंही ठीक. सुषमा म्हणाली, चहा झ्याक हाय, पण घर नासलंय त्याचं काय?

१४ मार्च

स्वयंपाकघरात एकही माशी नाही. मार्चमध्ये! चौथं प्रॉडक्ट: माशीनाशक. पालीही दिसत नाहीत. एक दिसली, ओट्याखाली. उताणी.

१९ मार्च

सुषमाची जोडवी काळी पडली. पैंजण काळे. तांब्याही काळा. दौंडला जाऊन सराफाशी भांडलो, चांदीत भेसळ म्हणून. तो म्हणाला, वीस वर्सं न्हाई काळी पडली, आत्ताच कशी? घरात काय नवीन आणलंय का?

प्रगती, म्हणालो, आणि निघून आलो.

२४ मार्च

सुषमाचे डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. मोबाईल कमी बघ म्हणून सांगितलं. तिचा फोन बटणांचा आहे, तरी सांगून ठेवलं.

मोती कुत्रा आठ दिवस झाले स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येत नाही. भाकरी अंगणात टाकावी लागते. लाडावलाय.

वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून खिडकी कायमची बंद केली. चार खिळे, दोन इंची. सुषमा म्हणाली, मला मारताय का काय? बायकांना ज्योतीचं गणित कळत नाही.

२९ मार्च, संध्याकाळी ७

फत्ते! वास गेला! आत पाऊल टाकलं तेव्हा होता, मिनिटभरात साफ नाहीसा. काल पाईपमध्ये लोखंडाचा कीस भरला, त्याचा गुण. तीनदा नाकानं तपासलं. सुषमाला विचारलं. म्हणाली, न्हाई येत आता, पण पायातलं बळ गेल्यावानी वाटतंय. म्हणालो, उद्याचं पुरण एवढं शिजव आणि मग पड.

सिलिंडर आत्ताच विक्रमला देऊन टाकला. पाडव्याच्या एक दिवस आधी!

गौतमीला फोन करून कळवलं, वास पूर्ण गेला. ती किंचाळायलाच लागली. आवाज फाटत होता, काही कळलं नाही, ठेवला. परत परत रिंग येतेय. हेवा वाटत असेल.

मी ओसरीवर बसून लिहितोय. डोकं जरा जड आहे, आनंदानं. सुषमा ओट्याला टेकून खाली बसलेली दिसतेय. मान छातीवर. डुलकी लागली असेल. बसू दे थोडा वेळ.

३० मार्च, पाडवा. दौंड, हॉस्पिटलचा बाक

मी फोन उचलेना म्हणून गौतमीनं पिकअपवाल्या विक्रमला लावला. तो तोंडाला ओला टॉवेल बांधून आत घुसला, सुषमाला अंगणात ओढून आणलं. खिडकी लाथेनं फोडली. माझे चारही खिळे चौकटीसकट निघाले. पाईप त्यानंच टाकीपासून उपटला.

डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर पोलिसांना बोलवावं लागलं असतं.

पहाटे सुषमानं डोळे उघडले. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलं, त्या पोरीनं कायतरी शिट्टीचं यंत्र देऊ केलं हुतं म्हणं. विक्रमभाऊजी बोलत हुते. केवढ्याला हुतं?

सांगितलं. तिनं मास्क परत लावला आणि भिंतीकडं तोंड केलं.

नोंद राहावी म्हणून लिहितो. मीटर एक, जुना, चालू, शिट्टीसह. नऊशे रुपये. जमतील तसे द्या, गौतमी म्हणाली होती.