मारुतीच्या वयाचा दाखला

सोम. ८ फेब्रु. १९४३
मारुतीला ओट्यावर आडवा केला, तोंडावर पाणी मारले. वर्गातच ओकला. शिंदीचा वास. तेवढ्यात आबकारीचे दरोगा दारात. पेडगावात तपासणीला आलेले. पोराकडे पाहिले, पटावरचे नाव विचारले. दुकान विचारावे लागले नाही. शिंदीचे दुकान गावात एकच, काशीबाईचे.

मंगळ. ९
दुकानाला सील. परवान्यात अट आहे, नाबालिगास विकू नये. शाबीत झाले तर परवाना जाईल. नवऱ्यामागे बाईला दुसरा आधार नाही. दुपारी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली.
"लगीन झाल्याला लहान कसं म्हणू मी? तुमीच अक्षदा टाकल्या की, मास्तर."
टाकल्या होत्या. जेवलोही.

बुध. १०
मारुतीचा बाप सखाराम मेंढरे सोडून आला. पाहुण्यासाठी शिंदी आणायला त्यानेच पोराला धाडले होते. त्याला कायद्याची चिंता नाही, वेगळीच.
"एवढ्याशा शिंदीनं वकायलाय. सून हसायली घरी."
वय विचारले. "सासरा झालो मी. पोरगं लहान असंल व्हय?"

गुरु. ११
दरोगांना वयाचा दाखला हवा. रजिस्टराप्रमाणे मारुती आज चौदाचा. ती जन्मतारीख मीच घातलेली. नाव घालताना सखारामला काही सांगता येईना, तेव्हा पोराचे दात पाहिले आणि लिहून टाकली. पटावरची निम्मी मुले अशीच जन्मली आहेत.
दरोगांना हे सांगितले. हसले.
"मास्टरसाब, मेरेकू अंदाजा नक्को, तारीख होना."
दाखला उद्या सकाळी चावडीवर द्यायचा.
पोर लहानच आहे. सोमवारी ओकताना माझे बोट घट्ट धरून होते. पण हे दाखल्यात कुठे लिहायचे?

शुक्र. १२
सकाळी चावडीवर दाखला दिला. तारीख लिहिली, पुढे 'अंदाजे' लिहिले. दरोगांनी तो शब्द दोनदा वाचला. दाखला आणि रजिस्टर, दोन्ही परभणीला घेऊन गेले.
काशीबाई पायरीवर होती. "काय लिवलंत?"
सांगितले.
"मंजी सुटले का न्हाई मी?"
माहीत नाही म्हणालो. शाळेत आलो. मारुती आला नव्हता. बाकीच्यांची हजेरी कोऱ्या कागदावर घेतली.